बुगडीची जागा

मराठी बाईच्या कानावर दागिन्याच्या दोन जागा परंपरेने ठरलेल्या आहेत. खाली मऊ पाळीवर कुडी आणि वर, कानाच्या कडेवर, बुगडी. पुरुषांची भिकबाळीही उजव्या कानाच्या वरच्या भागातलीच. 1959 सालच्या ‘सांगत्ये ऐका’मध्ये आशा भोसले यांनी गायलेल्या लावणीने बुगडीचे नाव ती कधी न पाहिलेल्या माणसांपर्यंतही पोचवले. पेशवाईवरच्या चित्रपटांनी आणि मालिकांनी भिकबाळी कॉलेजच्या पोरांच्या कानात आणली. आज शहरातल्या मुली ‘हेलिक्स’ म्हणून जे टोचून घेतात, ती जागा बुगडीचीच. तिच्या जोडीला आता कानाच्या भोकापुढचा उंचवटा म्हणजे ट्रेगस आला, आतली खोलगट वाटी म्हणजे कॉन्क आली, आतल्या घड्यांमधले रुक आणि डेथ आले. ही हौस जुनी आहे, सुंदर आहे, आणि तिला नाक मुरडण्याचे काही कारण नाही. मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. पाळी आणि कड एकाच कानाच्या असल्या तरी जखम म्हणून त्या पूर्ण वेगळ्या आहेत. पाळी टोचण्याचा पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव गाठीशी आहे म्हणून आपण वरचा कान निर्धास्तपणे टोचायला निघालो आहोत, आणि तो अनुभव तिथे उपयोगाचा नाही. वरचा कान टोचणे ही लहानशी शस्त्रक्रिया आहे. हत्यार, धातू, टोचणाऱ्याचा हात आणि नंतरचे वर्षभर, या सगळ्याला शस्त्रक्रियेचेच नियम लागले पाहिजेत.

फरक नेमका कुठे आहे, हे कानाच्या घडणीत दिसते. पाळीत हाड नाही आणि कूर्चाही नाही. आहे ती त्वचा, चरबी आणि भरपूर रक्तवाहिन्या. जखम झाली की रक्त तिथे लगेच पोचते, रक्ताबरोबर जंतूंशी लढणाऱ्या पेशी पोचतात, औषध घेतले तर तेही पोचते. म्हणून पाळीचे भोक साधारण सहा ते आठ आठवड्यांत धरते. पाळीच्या वरचा जवळजवळ सगळा कान मात्र कूर्चेच्या पातळ, लवचीक पत्र्यावर उभा आहे. या कूर्चेत स्वतःची एकही रक्तवाहिनी नसते. तिच्या दोन्ही अंगांना एक पातळ आवरण घट्ट चिकटलेले असते आणि त्या आवरणातून जे झिरपेल त्यावरच ती जगते. आवरण सुटले की कूर्चा उपाशी पडते. महाराष्ट्रात हे समजावायला वैद्यकाच्या पुस्तकाची गरज पडू नये, कारण मोडलेल्या कानांचे पैलवान आपण पाहिलेले आहेत. तालमीत कानावर सतत घिस्से बसतात, आवरण आणि कूर्चा यांच्यामध्ये रक्त साकळते, खालची कूर्चा मरते आणि तिच्या जागी वेडीवाकडी गाठाळ वाढ होते. कोल्हापुरात असा कान अभिमानाने मिरवला जातो. वरच्या कानाच्या भोकात जंतू शिरले की हेच घडते, फक्त रक्ताच्या जागी पू साठतो. पू कूर्चा नुसती उपाशी ठेवत नाही, विरघळवून टाकतो. आधार गेलेला कान चुरगळतो आणि तो पूर्ववत करायचा तर शल्यविशारदाला बरगडीची कूर्चा काढून कोरावी लागते. भोक बरे व्हायला कड सहा महिने ते वर्ष घेते ती याच कारणाने, आणि एकदा बिघडले की झपाट्याने बिघडते तेही याच कारणाने.

या जागेचा खास शत्रूही ठरलेला आहे. स्युडोमोनास एरुजिनोसा नावाचा हा जंतू पाण्यात, ओलसर जागी, मोरीच्या कडेला, विहिरीत, पोहण्याच्या तलावात राहतो. धडधाकट त्वचेचे तो सहसा काही बिघडवत नाही. रक्तपुरवठा नसलेली उघडी कूर्चा मात्र त्याला आयती मिळते. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात 2000 साली दागिन्यांच्या एका छोट्या दुकानात कान टोचून घेतलेली मुले एकामागून एक आजारी पडली. आरोग्य खात्याने माग काढला. त्याचा अहवाल 2004 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. खात्रीने निदान झालेले 7 रुग्ण आणि संशयित 18. निदान झालेले सगळे 10 ते 19 वर्षांचे होते आणि त्या सगळ्यांचा वरचा कान टोचलेला होता. काहींना रुग्णालयात ठेवावे लागले, चिरा देऊन पू काढावा लागला, काहींचे कान कायमचे विद्रूप झाले. जंतू सापडला तो जंतुनाशकाच्या बाटलीत. म्हणजे ज्या फवाऱ्याने स्वच्छता होते असे दुकानातली माणसे समजत होती, त्याच फवाऱ्यातून आजार पसरत होता. याच अहवालातली दुसरी गोष्टही लक्षात ठेवण्याजोगी आहे. बहुतेक मुलांना सुरुवातीला जी प्रतिजैविके दिली गेली ती या जंतूवर चालणारी नव्हती, आणि मधले मोलाचे दिवस वाया गेले.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो आदराने ऐकण्यासारखा आहे. कर्णवेध हा आपल्याकडचा संस्कार आहे, सुश्रुताने तो सांगितला आहे. मग त्याला परदेशी अहवालांची भीती कशाला घालायची? सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला सोळावा अध्याय या विषयाचा आहे आणि तो मुळातून वाचला तर हा आक्षेप उरत नाही. सहाव्या किंवा सातव्या महिन्यात, मूल मांडीवर घेऊन, खेळण्याने त्याला रमवून कान टोचावा. कान हाताने ताणून धरावा आणि सूर्यप्रकाश जिथून आरपार दिसतो त्या निसर्गानेच ठेवलेल्या पातळ जागी सरळ सुई घालावी, असे सुश्रुत सांगतो. कान पातळ असेल तर सुई, जाड असेल तर आरी. रक्त फार आले आणि फार दुखले तर जागा चुकली असे समजावे. कालिका, मर्मरिका आणि लोहितिका या तीन शिरा चुकून विंधल्या गेल्या तर ताप, दाह, सूज, गाठी, मान आखडणे असे काय काय होते याची नोंद तो करतो. वाईट, वाकड्या सुईमुळे आणि जाड वातीमुळे होणारी इजाही तो मोजतो, आणि अशा वेळी वात काढून, जखम भरू देऊन, मगच पुन्हा टोचायला सांगतो. त्यानंतर अध्यायाचा मोठा भाग तुटलेल्या, फाटलेल्या कानाची पाळी जोडण्याच्या पंधरा पद्धतींना दिलेला आहे. गालाची त्वचा घेऊन नाक घडवण्याची, जगभर गाजलेली शस्त्रक्रियाही याच अध्यायाच्या शेवटी येते. कान टोचणे ही निष्काळजीपणे उरकण्याची गोष्ट आहे असे सुश्रुताला वाटले असते तर त्याने तिला शस्त्रकर्माच्या या पंक्तीत बसवले नसते. त्याने सांगितलेला उजेडाचा निकषही पाहा. प्रकाश आरपार जातो ती पातळ, शिरा नसलेली जागा पाळीत शोधायची आहे. कडेच्या कूर्चेसाठी ही परवानगी त्याच्याकडून मागता येत नाही.

दुसरा आक्षेप घरातला. आपल्या आज्या-पणज्या बुगड्या घालत होत्या, त्यांना कुठे काय झाले? ज्यांना काही झाले नाही त्यांच्या बुगड्या आपण पाहिल्या. ज्यांचा कान पिकला, त्यांनी ती जागा मोकळी सोडली आणि त्यांची आठवण कुणी लिहून ठेवली नाही. शिवाय तेव्हाची पद्धतही आजच्यासारखी नव्हती. सोनार बारीक तार हाताने, हळू, कानातून ओढून घेत असे. त्या तारेची सैल कडी कानात राही, तिला मागून दाबणारा चाप नसे, आणि टोचणारा माणूस घराच्या ओळखीचा असल्याने काही बिघडले तर दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे जाता येई. त्या पद्धतीतही निर्जंतुकीकरण नव्हते. तिचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण सावकाश हात, हलका दागिना आणि सुजेला जागा, या तिच्यातल्या तीन शहाणपणाच्या गोष्टी आपण सोडल्या आणि घाई तेवढी नवी आणली.

ही घाई म्हणजे कान टोचण्याची गन. मॉलमध्ये, पार्लरमध्ये, कित्येक सराफी पेढ्यांवरही तीच असते. स्प्रिंगच्या जोरावर ती एक बोथट टोकाचा खडा कानातून आरपार ढकलते. खट्ट असा आवाज, आणि काम झाले. पाळीवर हे बहुधा निभावते. वरच्या कानावर ती वापरू नये असे व्यावसायिक टोचणाऱ्यांची अमेरिकेतली संघटना वर्षानुवर्षे सांगत आली आहे, आणि ओरेगॉनच्या त्या दुकानातही वरच्या कानासाठी स्प्रिंगची गनच वापरली होती. पण इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट मांडली पाहिजे, कारण गनचे समर्थक ती मांडतात आणि ती खरी आहे. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी मृतदेहांचे 22 कान वेगवेगळ्या प्रकारे टोचून सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात गन, हाताने दाबण्याचे यंत्र आणि सुई यांनी कूर्चेला केलेली इजा सारखीच निघाली. भोकाभोवतीचे आवरण प्रत्येक पद्धतीत थोडेफार सुटलेलेच होते. सुई म्हणजे कूर्चेला अभय, असा प्रचार करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. मृत कानाला मात्र सूज येत नाही, त्यात जंतू वाढत नाहीत आणि त्याला सहा महिने त्या दागिन्यासह झोपावे लागत नाही. गनवरचा खरा आरोप या पुढच्या प्रवासातला आहे. तिचे प्लॅस्टिकचे अंग ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेत, टिकत नाही. ते फार तर पुसता येते, आणि एका माणसाच्या रक्ताचा अदृश्य शिंतोडा पुढच्या माणसाच्या कानाजवळ जातो. कावीळ बी-चा विषाणू कोरड्या पृष्ठभागावर किमान 7 दिवस जिवंत राहू शकतो. त्याची लस आपल्या सार्वत्रिक लसीकरणात देशभर 2011 च्या सुमारास आली, म्हणजे आज विशीत असलेल्या पुष्कळ मुलामुलींना ती लहानपणी मिळालेली नसण्याची शक्यता आहे. गनच्या खड्याची दांडी आखूड असते आणि मागचा चाप कानाला चिकटून बसतो. पहिल्याच आठवड्यात कड सुजते, सुजलेली त्वचा चापात अडकते, आवरणाचा उरलासुरला रक्तपुरवठा दाबला जातो, आणि चापाच्या फटीत मळ, रक्त, केस यांचा लगदा साचतो.

पोकळ सुई वापरणारा शिकलेला माणूस याच गोष्टी टाळतो. सुई एकदाच वापरायची, बंद पाकिटातून समोर काढायची. दागिनाही निर्जंतुक केलेला. हातमोजे दागिना उचलण्याच्या आधी बदललेले. भोकाची जागा कान उभा असताना आरशात दाखवून शाईने ठरवलेली, कारण प्रत्येकाच्या कानाची घडी वेगळी असते आणि काहींच्या कानाला रुक किंवा डेथ शोभत नाही इतकेच नव्हे, तर ते बसण्याइतकी घडीच नसते. असे ज्याला स्पष्ट सांगता येते आणि आलेले गिऱ्हाईक परत पाठवता येते, त्याच्यावर विश्वास टाकावा. पहिली दांडी मुद्दाम लांब असते, सुजेला वाव म्हणून. सूज ओसरली की, बहुधा पहिल्या एक-दोन महिन्यांत, त्याच माणसाकडून ती बदलून आखूड घ्यायची असते. ही दुसरी फेरी लोक चुकवतात आणि नंतर भोक तिरके झाले म्हणून तक्रार करतात. लांब दांडी केसात, टॉवेलात, पदरात अडकत राहते आणि तिचा कोन भोकाला वाकवतो.

धातूबद्दल आपल्याकडे एक ठाम समजूत आहे की सोने कधी बाधत नाही. शुद्ध सोने सहसा बाधत नाही हे खरे, पण शुद्ध सोन्याची दांडी कुणी घालत नाही. बावीस कॅरेटचे सोने मऊ असते, त्यावर बारीक ओरखडे पडतात आणि ताज्या जखमेत त्या ओरखड्यांत मळ आणि जंतू धरतात. म्हणून आधीच भरलेल्या भोकासाठी ते उत्तम, नव्या भोकासाठी नव्हे. कमी कॅरेटच्या, विशेषतः पांढऱ्या सोन्यात निकेल असू शकते आणि निकेलची ॲलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर सोडत नाही. सराफाकडच्या दागिन्यावर 1 एप्रिल 2023 पासून सहा अक्षर-अंकांची हॉलमार्क ओळख सक्तीची आहे. ती सोन्याची शुद्धता सांगते. सोन्यात मिसळलेला बाकीचा धातू कोणता, हे ती सांगत नाही. युरोपीय संघाने निकेलवर 1994 मध्येच निर्बंध आणले, आणि टोचलेल्या भोकात राहणाऱ्या भागातून आठवड्याला प्रति चौरस सेंटिमीटर 0.2 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटू नये अशी मर्यादा तिथे आहे. ‘सर्जिकल स्टील’ या भारदस्त नावाच्या पोलादातही साधारण 10 ते 14 टक्के निकेल असते, जरी ते घट्ट बांधलेले असल्याने कमी सुटते. चांदी तर नव्या भोकात अजिबात नको; ती काळवंडते आणि त्वचेवर कायमचा डाग ठेवून जाऊ शकते. नव्या भोकाला सर्वांत सुरक्षित धातू टायटॅनियम, तोही शरीरात बसवण्याच्या दर्जाचा, अस्थिरोगतज्ज्ञ हाडाच्या स्क्रूला वापरतात तसा. मागची बाजू चपटी, फिरकीची नव्हे. पुढे वर्षाने त्याच भोकात आजीची मोत्याची बुगडी घालावी. तिचा मान तेव्हा खुलेल.

आता निगा. इथेच आपली सगळ्यांत जास्त गल्लत होते, कारण इथे प्रत्येक घराकडे प्रेमाने सांगितलेला उपाय आहे. खोबरेल तेलात हळद कालवून लावा. तूप लावा. कडुनिंबाची काडी घाला. डेटॉलने पुसा. स्पिरिट लावा. आणि रोज बाळी फिरवत राहा, नाहीतर चिकटेल. यातला शेवटचा सल्ला सर्वांत जास्त प्रचलित आणि सर्वांत जास्त घातक आहे. भोक भरताना त्वचेचा कोवळा थर दांडीभोवती दोन्ही तोंडांकडून आत सरकत असतो. दांडी फिरवली की तो फाटतो आणि बाहेरची वाळलेली खपली, जंतूंसकट, आत ओढली जाते. डेटॉल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड जंतूंबरोबर या कोवळ्या पेशीही मारतात. हळदीच्या गुणांबद्दल वाद घालायची गरज नाही. डब्यातली हळद निर्जंतुक नसते, आणि तिचा तेलकट लेप भोकाचे तोंड बंद करून स्राव आत कोंडतो, एवढे पुरे आहे. सुश्रुतानेच तर तेल सांगितले आहे, असे कुणी म्हणेल. त्याने ते कापसाच्या वातीसाठी आणि पाळीसाठी सांगितले, आणि वात दर तीन दिवसांनी बदलायला लावली. धातूची दांडी महिनोन् महिने न काढता कूर्चेत ठेवणे हा त्याच्यापुढचा प्रश्न नव्हता.

खरी निगा इतकी साधी आहे की लोकांना ती अपुरी वाटते. 0.9 टक्के मिठाचे निर्जंतुक पाणी, औषधाच्या दुकानात मिळणारे नॉर्मल सलाईन, दिवसातून एकदा-दोनदा भोकाच्या दोन्ही बाजूंना सोडायचे. खपली भिजून आपोआप सुटेल तेवढीच स्वच्छ कागदी रुमालाने टिपायची. मग जागा कोरडी करायची, कारण ओल हेच स्युडोमोनासचे घर. घरी मीठ कालवलेले पाणी नको, ते खारट जास्त होते आणि निर्जंतुक नसते. मोठी बाटली उघडून महिनाभर वापरणेही नको; ओरेगॉनची बाटली आठवावी. लहान बाटली किंवा फवारा घ्यावा. याखेरीज हात लावायचा नाही. बस्स. बाकीचे सगळे म्हणजे कानावर दाब येऊ न देणे, आणि आपल्या रोजच्या जगण्यात हेच अवघड आहे. दुचाकीवर रोज हेल्मेट चढवताना आणि काढताना त्याचे अस्तर नेमके कडेला घासते, आणि पावसाळ्यात तेच अस्तर घामाने आणि पाण्याने दिवसभर ओले असते. म्हणून रोज स्कूटर चालवणाऱ्याने पावसाळ्याच्या तोंडावर वरचा कान टोचू नये, आणि हेल्मेट सोडून देणे हा तर पर्यायच नव्हे. लोकलच्या गर्दीत टोचलेली बाजू भिंतीकडे ठेवावी. फोन दुसऱ्या कानाला. केस धुताना शाम्पू आणि रंगवताना रंग कानापासून दूर. विहीर, नदी, तलाव, समुद्र पहिले काही महिने नको. गणेश विसर्जनाचे पाणी आणि धुळवडीचे रंगही नकोत. झोप ही सगळ्यांत मोठी परीक्षा. टोचलेल्या कुशीवर झोपले की रात्रभर दांडी एकाच बाजूला रेटली जाते आणि सकाळी भोकाशी लालसर फोड दिसते. म्हणून दोन्ही कान एकदम टोचू नयेत आणि प्रवासात मानेला लावतात ती मधे भोक असलेली उशी वापरावी. कान त्या पोकळीत मोकळा राहतो.

ही लालसर फोड आणि केलॉइड एक नव्हेत. दाबाने, आखूड किंवा लांब दांडीने, हाताळण्याने आलेली फोड कारण दूर झाले की आठवड्यांत बसते. केलॉइड म्हणजे जखमेच्या हद्दीबाहेर वाढत जाणारा व्रण. तो महिन्यांनी सुरू होतो, कापून काढला तरी पुन्हा उगवतो आणि सावळ्या त्वचेत, म्हणजे आपल्यात, जास्त आढळतो. वयाचाही संबंध दिसतो. 2005 मध्ये अमेरिकेतल्या बालरोगविषयक नियतकालिकात आलेल्या एका लहान अभ्यासात, अकरा वर्षांनंतर कान टोचलेल्यांत केलॉइडचे प्रमाण त्याआधी टोचलेल्यांपेक्षा बरेच जास्त निघाले. अभ्यास छोटा आहे, पण आपल्यासाठी त्याचा अर्थ सरळ आहे. तान्हेपणी पाळी टोचली आणि काही झाले नाही, म्हणून विसाव्या वर्षी कडही सुखाने भरेल असे धरून चालता येत नाही. ज्यांच्या लसीच्या खुणेवर, खांद्यावर, छातीवर जाड गाठाळ व्रण आहेत, किंवा आईवडिलांना आहेत, त्यांनी वरचा कान टोचूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मधुमेह आटोक्यात नसलेले, रक्त पातळ करणाऱ्या किंवा प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घेणारे यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. आणि डेथ टोचल्याने अर्धशिशी थांबते या दाव्यावर विसंबून कुणी कान पुढे करू नये; त्याला भक्कम चाचण्यांचा आधार नाही, आणि ती घडी स्वच्छ ठेवायला सर्वांत अवघड आहे.

संसर्गाची एक खूण अशी आहे की ती घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावी. वरचा कान लाल, गरम, सुजलेला आणि हात लावू न देणारा झाला आहे, आणि खालची पाळी मात्र अगदी ठीक आहे, तर संसर्ग कूर्चेच्या आवरणात गेला असे समजावे. पाळीत कूर्चा नसल्याने ती वाचते. त्यावरूनच डॉक्टरही ओळखतात. अशा वेळी मेडिकलमधून नेहमीची अमॉक्सिसिलिन आणून दोन दिवस वाट पाहणे हीच ती वेळ वाया घालवण्याची चूक. स्युडोमोनासवर ती चालत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखे औषध लागते, पू झाला असेल तर चीर द्यावी लागते, आणि दोन्हींचा निर्णय कान-नाक-घसा तज्ज्ञानेच घ्यायचा असतो. दागिना स्वतः ओढून काढू नये. तोंड मिटले आणि पू आत राहिला तर तो कूर्चेकडेच वाट काढतो. कानाच्या बाबतीत हे सुरुवातीचे दिवसच मोलाचे असतात.

शेवटचा आक्षेप पैशाचा आणि तो खरा आहे. शिकलेल्या माणसाची सुई, टायटॅनियमची दांडी, पुन्हा फेरी, याचा खर्च गनच्या कित्येक पट होतो, आणि गावात असा माणूस नसतोच. त्याला एक उत्तर आपल्या परंपरेतच आहे. न टोचता कडेवर बसणारी दाबाची बुगडी सराफांकडे आजही मिळते. लग्न वर्षाच्या आत असेल, आणि नऊवारीवर बुगडी हवीच असेल, तर तीच घ्यावी. टोचायची घाई करून मांडवात सुजलेला कान मिरवण्यात काही शोभा नाही. दुसरे उत्तर व्यवस्थेचे आहे. इंग्लंडमध्ये 1982 च्या कायद्याने कान टोचणाऱ्यांची स्थानिक प्रशासनाकडे नोंदणी करण्याची तरतूद केली, आणि वेल्समध्ये 2017 च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखालची परवाना पद्धत 2024 च्या नोव्हेंबरपासून सुरू झाली. आपल्याकडे सोन्याच्या दागिन्याला ओळख क्रमांक आहे. तो दागिना ज्या हाताने माणसाच्या शरीरात जातो, त्या हाताची तशी पारख करणारी सोय नाही. महापालिकांनी निर्जंतुकीकरण, एकदा वापरायच्या सुया आणि प्रशिक्षण यांची नोंद मागणे फार खर्चिक नाही. आरोग्य निरीक्षक खाद्यगृहे तपासतातच. पण तेवढ्यासाठी थांबायची गरज नाही. लोक अजूनही कान टोचायला सर्वांत आधी सराफाकडे जातात आणि त्याचा शब्द मानतात. महाराष्ट्रातल्या सराफांनी यंदाच्या लग्नसराईआधी आपापल्या पेढीवर एक पाटी लावावी: पाळी टोचून देऊ, वरचा कान गनने टोचणार नाही.